५१ची शेवरोलेट पिकअप: पुढे डिस्क ब्रेक बसवायचेत

शिवडीची_शेवी:

गाडी १९५१ची शेवरोलेट ३१००, अर्धा टनी, २१६ घन इंची सहा सिलिंडर इंजिन, उजवीकडे स्टिअरिंग. पुढे सरळ बीम ॲक्सल, किंगपिन (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती). चारही चाकांना ११ इंची ड्रम. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) एकाच कप्प्याचा, पायाखाली चासीला, पेडलच्या शाफ्टजवळ. चाकं १६ इंची, सहा बोल्टची.

त्रास दोन. बोरघाट उतरताना खोपोली येईपर्यंत पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. आणि पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून बाहेर आलं की पुढचा अर्धा किलोमीटर ब्रेक नसल्यात जमा, मग अचानक डावं चाक धरतं.

फक्त पुढे डिस्क करायचा विचार आहे. मागे ड्रमच ठेवेन, हँडब्रेक त्यावरच आहे. डिस्क आणि कॅलिपर (पॅडने डिस्क चिमटणारा भाग) कुठल्या गाडीचे घ्यावेत? बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाला मदत करणारा) लागेलच का? आणि जुना मास्टर ठेवला तर चालेल का? चासी कापायची नाही, परत मूळ ड्रम चढवता आले पाहिजेत.

साकीनाका_लेथ:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. जुना मास्टर ठेवू नका. का ते खाली कोणीतरी सांगेलच, मी लोखंडापुरतं बोलतो.

पहिलं काम, ड्रम उघडून आत काय आहे ते बघा. १९५० पर्यंत या ट्रकना हक ब्रेक होते, ५१ पासून बेंडिक्स. वर एकच अँकर पिन आणि खाली दोन्ही बुटांच्या (ब्रेक शूंच्या) मध्ये दातेरी ॲडजस्टर असेल तर बेंडिक्स. इतक्या वर्षांत कोणी काय अदलाबदल केली असेल याचा भरवसा नाही, म्हणून वर्षावर जाऊ नका. उघडताना आतली पूड हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

दुसरं, किंगपिन. ॲक्सलखाली जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा. एकाने ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे बेअरिंगचा खेळ निघून जातो; तरी हललं तर बुश गेलेत. ते आधी करा. ढिल्या किंगपिनवर डिस्क बसवली की गाडी ब्रेक मारल्यावर थरथरते आणि लोक डिस्क वाकडी समजून दोनदोनदा खरादून आणतात.

तिसरं, बेअरिंग. या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये मुळात बॉल बेअरिंग असतात. डिस्क करताना टेपर रोलर घाला. हबला थोडा जरी खेळ असला तरी वळणावर डिस्क हलते, पॅड मागे ढकलले जातात, आणि पुढच्या वेळी ब्रेक मारताना पहिलं पेडल रिकामं जातं. टेपर बसवताना चाक फिरवत नट आवळायचा, मग सोडून हाताने लागेल इतकाच, आणि कॉटर पिनचं जवळचं भोक येईल तिथे मागे. आवळत पुढच्या भोकाला न्यायचा नाही.

आता डिस्क. तुमचा पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ६ बाय १३९.७ मिमी, म्हणजे साडेपाच इंच. हाच पीसीडी पजेरो, फॉर्च्युनर, डी-मॅक्सला आहे. पण बोल्ट जुळले म्हणजे डिस्क बसली असं नाही. या गाड्यांच्या डिस्क मोठ्या, कॅलिपर त्याहून मोठे. तुमच्या १६ इंची जुन्या रिममध्ये कॅलिपरला जागा राहते का ते डिस्क विकत घ्यायच्या आधी बघा. अमेरिकेत या ट्रकसाठी तयार किट मिळतात, साधारण ११ इंची डिस्क आणि एका मोठ्या पिस्टनचा जीएम कॅलिपर असलेले. ते मूळ नकलच्या (किंगपिनवर वळणारा, हब धरणारा भाग) बोल्टवरच बसतात, काही कापावं लागत नाही. परत ड्रम चढवायची अट असेल तर हाच रस्ता सरळ आहे. किट नको असेल तर ब्रॅकेट इथे बनवून घ्या:

बॅकिंग प्लेट काढली की नकलवर चार भोकं मिळतात. त्यावर आधी ३ मिमी प्लायचा नमुना करा, कॅलिपर लावून डिस्क मधोमध येते का बघा, मग १२ मिमी एमएस प्लेट कापून घ्या. भोकं रीमरने, बोल्ट १०.९ ग्रेडचे. नकलला वेल्डिंग अजिबात नाही. ती फोर्जिंग आहे, वेल्डच्या बाजूला चीर जाते आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

डिस्कचं मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे. भोक मोठं असेल तर हबवर रिंग खरादून घाला. स्टडच्या भरवशावर डिस्क मध्यावर येत नाही. हबचा फ्लँज लेथवर एकदा हलका फेस करून घ्या. जुना ड्रम स्टडने हबला जाम केलेला असेल तर हातोडीने ठोकून काढू नका, फ्लँज वाकतो. स्टडचा पिचकवलेला भाग ड्रिलने उडवून प्रेसवर काढा. डिस्क चढवल्यावर सगळे नट आवळून कडेपासून १० मिमी आत डायल गेज लावून डिस्क किती डुलते ते मोजा. ०.१० मिमीच्या वर गेलं तर डिस्क हबवर एक-एक भोक फिरवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच निम्मं होतं.

रिम आणि कॅलिपरमध्ये किमान ३ मिमी. कॅलिपरवर मुलांच्या खेळण्यातली माती थापा, चाक चढवून फिरवा, काढून जाडी मोजा. आणि डिस्कच्या जाडीमुळे चाक बाहेर येतं, म्हणून स्टडची लांबी बघा. नट पूर्ण बसल्यावर स्टडच्या व्यासाइतके तरी आटे आत गेलेले हवेत.

घाटउतार:

लेथभाऊंनी लोखंड सांगितलं. पण अशा गाड्यांत डिस्क बसवूनही "आधीचेच बरे होते" असं म्हणणारे भेटतात, त्यांचं चुकलेलं असतं ते पाइपाच्या आत.

बेंडिक्स ड्रममध्ये पुढचं बूट ड्रमबरोबर ओढलं जातं आणि ते मागच्या बुटाला ढकलतं. म्हणजे चाकाचं फिरणंच तुमच्या पायाला मदत करतं. डिस्कमध्ये ही मदत शून्य. जेवढा दाब तेवढीच पकड. म्हणून त्याच पायाने, त्याच जुन्या मास्टरने डिस्क दाबायला गेलात तर गाडी दगडासारखी वाटते.

हिशोब करून बघा. पायाचा जोर ३० किलो धरा, पेडलचा रेशो ६ (तुमचा प्रत्यक्ष मोजा: पेडलच्या पॅडपासून पिव्हटपर्यंतचं अंतर भागिले पुशरॉडपासून पिव्हटपर्यंतचं अंतर). म्हणजे पुशरॉडवर १८० किलो.

१ इंच बोअरचा मास्टर: क्षेत्रफळ ५.०७ चौसेमी, दाब ३५.५ किलो प्रति चौसेमी.
१⅛ इंच: ६.४१ चौसेमी, दाब २८.
⅞ इंच: ३.८८ चौसेमी, दाब ४६.

बोअर लहान तसा दाब जास्त. मग सगळे ⅞ का लावत नाहीत? कारण ऑइल कमी ढकललं जातं. जीएमच्या त्या मोठ्या कॅलिपरचा पिस्टन २.९४ इंचाचा, क्षेत्रफळ जवळपास ४४ चौसेमी. दोन्ही पिस्टन ०.३ मिमी सरकायला २.६ घनसेमी ऑइल लागतं. १ इंचच्या मास्टरला त्यासाठी ५ मिमी स्ट्रोक, पेडलवर ३१ मिमी. ⅞ला पेडलवर ४० मिमी. यात होज फुगणं, पॅड दबणं धरलेलंच नाही. म्हणून या कॅलिपरला बिनबूस्टर १ इंच हा मधला मार्ग. ३५.५च्या दाबाने प्रत्येक कॅलिपर साधारण १५५० किलोने चिमटतो, दीड टनाच्या आतल्या रिकाम्या गाडीला ते पुरतं. पाय थोडा जोरात लागेल, पण लागेल.

जुना मास्टर का नको, याची तीन कारणं. एक, एकच कप्पा. एक होज फुटला की चारही चाकं गेली. दोन, ड्रमच्या मास्टरमध्ये आउटलेटच्या मागे रबरी चेक व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब धरून ठेवतो. ड्रमला तो हवा, डिस्कला तो पॅड घासत ठेवतो. तीन, टाकी लहान. फ्लोटिंग (एकाच बाजूला पिस्टन असलेल्या, सरकत्या) कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड झिजले की पिस्टनच तेवढा बाहेर येतो. दोन्ही पॅड ९-९ मिमी झिजले तर एका कॅलिपरमध्ये ७९ घनसेमी, दोन्हीत मिळून १५७ घनसेमी ऑइल उतरतं. जुन्या मास्टरमध्ये तेवढी जागाच नाही, आणि पायाखालचं झाकण उघडून बघायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

टीएमसी (टँडम, म्हणजे दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर) घेताना मागच्या चाकावर चालणाऱ्या, पुढे डिस्क-मागे ड्रम असलेल्या गाडीचा घ्या: बोलेरो, सुमो, जिप्सी या जातीचा. पुढच्या चाकावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत बहुतेक तिरकी जोडणी असते, एका कप्प्यावर एक पुढचं आणि एक मागचं चाक. तिथे एका कप्प्याला दोन मोठे कॅलिपर लावलेत की स्ट्रोक संपतो आणि पेडल फ्लोअरला टेकतं. बोअर किती ते बॉडीवर ओतलेलं असतं, वाचून घ्या. नसेल तर व्हर्नियर लावा.

टीएमसी पायाखाली राहणार, म्हणजे कॅलिपर त्याच्या बरोबरीला किंवा वर. ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि सकाळी पहिलं पेडल खोल जातं. पुढच्या लाइनला २ पीएसआयचा आणि मागच्या ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) लावा. बाण चाकाकडे.

बुटंच_बरी:

विरोधी मत नोंदवतो. प्रश्नकर्त्याचे ड्रम शेवटचे कधी खरादले? बुटं ड्रमच्या गोलाईला घासून घेतली का? ड्रम १.५ मिमीपेक्षा जास्त मोठा झाला असेल आणि बुटं साध्या मापाची असतील तर फक्त मधला पट्टा टेकतो. असा ब्रेक घाटात मरणारच. पाण्यातून आल्यावर एकच चाक आधी धरतंय याचा अर्थ दोन बाजूंची बुटं सारखी बसलेली नाहीत, किंवा डाव्या बॅकिंग प्लेटवर बेअरिंगचं ग्रीस उतरलंय.

नीट बसवलेला ११ इंची बेंडिक्स एवढ्या वजनाला कमी नाही. आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं असतं, हे डिस्क बसवूनही बदलत नाही.

घाटउतार:

@बुटंच_बरी, घाटाबाबत +१. पण पाण्याचा मुद्दा उरतोच. ड्रममध्ये शिरलेलं पाणी बाहेर पडायला जागा नाही, बुटं दाबून तापवूनच ते वाळवावं लागतं. डिस्कवरचं पाणी दोन फेऱ्यांत उडतं. मुंबईत जून ते सप्टेंबर गाडी काढायची असेल तर माझ्या मते पुढची डिस्क फक्त याच कारणासाठी सुद्धा करण्यासारखी आहे. मागचे ड्रम राहणार, म्हणून पाण्यातून आल्यावर पेडल हलकं दाबून शंभर मीटर न्यायची सवय ठेवायचीच.

शिवडीची_शेवी:

सगळ्यांचे आभार. उघडून बघितलं, बेंडिक्सच आहेत. उजवा ड्रम मापाच्या २ मिमी वर गेलाय, म्हणजे तोही बदलायचाच होता. ब्रॅकेटचं किट मागवतो, टीएमसी इथला १ इंची. पायाखालचं झाकण उघडायचा त्रास नको म्हणून टाकी फायरवॉलवर लावून दोन होजने खाली आणायची असं ठरतंय. मग रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतील का?

आणि जुन्या पाइपांचे नट टीएमसीत हाताने चढतात पण ढिले वाटतात. आवळले तर बसतील का?

साकीनाका_लेथ:

थांबा. आवळू नका.

जुनी अमेरिकन लाइन: ३/१६ इंच पाइप, नट ३/८ इंच-२४ आट्याचा, म्हणजे ९.५२ मिमी व्यास, आटे १.०६ मिमीवर. इथल्या टीएमसीला भोक एम१० बाय १.०. दोन्ही इतके जवळचे आहेत की ३/८चा नट एम१०मध्ये हाताने सुरेख जातो, दोन आट्यांवर धरतो आणि जोरात ब्रेक मारला की बाहेर येतो. तो "ढिला" तुमच्या हाताला लागला हे नशीब. उलटं केलं, म्हणजे एम१०चा नट ३/८च्या भोकात, तर दीड फेरीत अडकतो आणि आटे खातो.

उपाय: पाइप नवे टाका. ४.७५ मिमी कॉपर-निकेलचा पाइप घ्या, हाताने वाकतो, खाऱ्या हवेत गंजत नाही. तांब्याचा साधा एसीचा पाइप नाही, तो थरथरीने कडक होऊन फुटतो. टीएमसीच्या बाजूला एम१०चा नट, चासीवरच्या जुन्या टी-जोडाच्या बाजूला ३/८चा. प्रत्येक पाइपला कोणत्या टोकाला कोणता नट ते फ्लेअर मारायच्या (पाइपाचं टोक फुलवायच्या) आधी लिहून ठेवा. फ्लेअर मारून झाला की नट बदलता येत नाही, मग पाइप कापावा लागतो आणि तो नेमका २ सेमीने कमी पडतो.

फ्लेअरसुद्धा दोन जातींचे. अमेरिकन आणि जपानी डबल फ्लेअर, आतल्या बाजूला दुमडलेला. युरोपियन बबल, बटणासारखा फुगीर. भोकात टॉर्च मारा: तळाला उलटा शंकू वर आलेला दिसला तर डबल, सपाट किंवा खोलगट दिसला तर बबल. चुकीचा फ्लेअर पहिल्या दिवशी गळत नाही, महिन्याने पाझरतो.

नट ३/८ आणि एम१० ओळखायला रंग लावा. मी एम१०ला लाल नेलपेंट लावतो. हसा, पण लावा.

घाटउतार:

टाकी फायरवॉलवर गेली तर माझं आधीचं अर्धं मागे घेतो. टाकीतली पातळी कॅलिपरच्या वर असेल तर ऑइल मागे उतरायचा प्रश्न नाही, पुढचा २ पीएसआय काढून टाका. मागचा १० ठेवा. तो उंचीसाठी नाही, व्हील सिलिंडरच्या रबराची ओठं भिंतीला टेकलेली राहावीत म्हणून असतो. पण टीएमसीच्या मागच्या आउटलेटमध्ये तो आधीच आहे का ते बघा, दोन लागले तर मागची बुटं घासत राहू शकतात. टाकीचे होज ब्रेक ऑइलचेच घ्या. पेट्रोलचा होज फुगून आतून सुटतो आणि त्याचे तुकडे मास्टरच्या भोकात बसतात.

आता मागचं संतुलन, पिकअपमध्ये सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन फार थोडं. आणि मागे तेच बेंडिक्स ड्रम, जे कमी दाबातच जोरात धरतात. आता डिस्कसाठी लाइनमध्ये पूर्वीपेक्षा जास्त दाब जाणार. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतील आणि गाडीचं बूड पुढे यायला बघेल. म्हणून मागच्या लाइनला हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) हवाच. मागच्या टी-जोडाच्या आधी, चासीवर हात पोचेल तिथे. केबिनमध्ये नको, कोणीतरी फिरवतं.

सुरुवात मागचा दाब सगळ्यात कमी ठेवून करा. मोकळ्या, सपाट, कोरड्या जागेत ३० ते ४०च्या वेगाने जोरात ब्रेक, बाहेर एक माणूस चाकं बघायला. पुढची जाम होईपर्यंत मागची फिरत राहिली पाहिजेत. मग पाव-पाव फेरी मागचा दाब वाढवायचा. मागची आधी जाम झाली की अर्धी फेरी परत. हे रिकाम्या गाडीवर ठरवायचं. माल भरून ठरवलंत तर रिकामी गाडी पावसात फिरेल.

बूस्टर आत्ता नको असं माझं मत. एक तर तुमचं मॅनिफोल्ड इंजिनच्या डावीकडे, पेडल उजवीकडे. व्हॅक्यूमचा होज इंजिनखाडीच्या आडवा न्यावा लागेल. वायपरच्या बारीक निपलवरून बूस्टर चालवू नका, होज आतून ९-१० मिमीचा हवा. दुसरं, पायाखालच्या बूस्टरला सहाचा रेशो जास्त होतो, ब्रेक टोचरा लागतो. आधी बिनबूस्टर चालवा, पाय जड वाटला तर पुढे बघू.

विलीस_पिकअप:

घुसखोरी करतो. माझ्याकडे विलीसची जुनी पिकअप, पाच बोल्ट, साडेपाच इंच. जिप्सीच्या डिस्क चालतील असं गॅरेजवाला म्हणतो. खरं का?

साकीनाका_लेथ:

पीसीडी जुळतो, ५ बाय १३९.७. बाकी काही जुळत नाही. फोर बाय फोर असेल तर तुमची नकल बंद गोळ्याची, कॅलिपरचा ब्रॅकेट वेगळा करावा लागतो, आणि हबचा व्यास डिस्कच्या भोकाला मापून खरादावा लागतो. डाव्या बाजूच्या स्टडचे आटे उलटे असतील तर तसेच ठेवा आणि टायरवाल्याला सांगून ठेवा, नाहीतर तो पाइप घालून तोडेल. वेगळा धागा काढा, इथे गर्दी होईल.

कागदोपत्री:

ब्रेकमधलं कळत नाही, कागदांचं थोडं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. नोंदणी १० वर्षांची, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. ब्रेक त्या यादीत नावाने नाहीत, तरी आरटीओच्या निरीक्षकाला कामाआधी विचारलेलं बरं. काढलेले ड्रम, बुटं, जुना मास्टर तेल लावून डब्यात ठेवा आणि काढतानाचे फोटो घ्या. न कापता बसवायची तुमची अट इथेही कामाला येते.

शिवडीची_शेवी:

बसवलं. हवा काढली, पेडल कडक आलं. पण दोन अडचणी. पहिल्यांदा हवा काढली तेव्हा पेडल स्पंजासारखं होतं, अर्धा लिटर ऑइल गेलं तरी तसंच. मग लक्षात आलं, कॅलिपर डावे-उजवे बदलले होते आणि हवा काढायचं निपल खाली आलं होतं. अदलाबदल केल्यावर ते मिटलं.

दुसरी अजून आहे. शिवडीहून निघून परळपर्यंत ठीक. चार-पाच किलोमीटरवर पेडल वर-वर येत जातं, कडक होतं, पुढची चाकं तापतात आणि गाडी ओढली जाते. अर्धा तास उभी ठेवली की सुटते. पॅड खराब आहेत का?

घाटउतार:

पॅडचा संबंध नाही. लाइनमध्ये दाब अडकतोय. कुठे अडकतोय ते शोधायला पाना आणि दहा मिनिटं पुरतात. गाडी जाम झालेल्या अवस्थेतच, पुढची चाकं उचलून, गॉगल घालून, या क्रमाने. क्रम मोडलात तर दाब सुटून जाईल आणि परत तापवावी लागेल:

१. टीएमसीचे बोल्ट एक-दोन फेऱ्या सैल करून ती मूळ जागेवरून पुढे ओढा, म्हणजे पुशरॉडपासून २ मिमी सुटी. चाक सुटलं? मग पुशरॉड लांब आहे.
२. नाही सुटलं तर टीएमसीवरचा पुढच्या लाइनचा नट किंचित सैल करा. सुटलं तर दोष टीएमसीच्या आत: आउटलेटमध्ये ड्रमचा चेक व्हॉल्व्ह राहिलाय किंवा बारीक भोक बुजलंय.
३. तिथेही नाही, पण कॅलिपरच्या निपलवर सुटलं, तर मधला होज आतून सुजलाय.
४. निपल उघडूनही चाक जड, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना अडकल्यात.

तुमच्या वर्णनावरून पहिलाच क्रमांक वाटतो. टीएमसीचा पिस्टन पूर्ण मागे आल्याशिवाय टाकीकडचं बारीक भोक उघडत नाही. ते मिलिमीटरभर जरी झाकलेलं राहिलं तर तापून फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट नाही. ते पॅड दाबतं, पॅड आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. म्हणूनच पेडल वर येत जातं.

शिवडीची_शेवी:

पहिल्याच पायरीला सुटलं. टीएमसी पुढे ओढल्याबरोबर चाक हाताने फिरलं.

घाटउतार:

मग पुशरॉडचा लॉकनट सोडून रॉड आखूड करा, पेडल पूर्ण वर असताना रॉडच्या टोकाला आणि पिस्टनला मध्ये १ ते १.५ मिमी मोकळीक. पेडलवर ते ६ ते ९ मिमी रिकामं जाणवेल, तेवढं असू द्या. पण त्याआधी पेडल खरंच पूर्ण वर येतंय का बघा. जुन्या गाडीत पेडलची स्प्रिंग मेलेली असते, किंवा फ्लोअरचं नवं रबर पेडलच्या दांड्याला लागतं. हाताने पेडल वर ओढून बघा. आणखी वर आलं तर रॉड नाही, स्प्रिंग बदला. खात्री टाकीवर होते: झाकण उघडून कोणाला तरी पेडल हलकं दाबायला सांगा, पहिल्या क्षणी टाकीत बारीक कारंजं उडालं की भोक उघडं आहे. तोंड लांब ठेवा, रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, ऑइल रंग खातं.

एकदा इतकं तापलं म्हणजे ते ऑइल टाकून द्या. डॉट ४ घाला, कोरडं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ३ २०५ला उकळतं. पाणी ओढलं की अनुक्रमे १५५ आणि १४०वर येतात, आणि मुंबईच्या हवेत दोन्ही पाणी ओढतात. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर बदला. उघडी राहिलेली अर्धी बाटली परत वापरायची नाही. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

हवा परत काढताना लांबचं चाक आधी: तुमचा मास्टर उजवीकडे, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. सगळं मिळून लिटरभर जाईल.

साकीनाका_लेथ:

कॅलिपर काढलेच आहेत तर सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन तिथेच बसते. उभ्या राहणाऱ्या गाडीत हे आधी होतं. आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, ॲक्सल लटकता ठेवून होज कुठे ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना, हे एकदा डोळ्यांनी बघा. फोटो टाका.

शिवडीची_शेवी:

स्प्रिंगच मेली होती, पेडल हाताने सव्वा सेंटिमीटर वर आलं. नवी लावली, रॉड आखूड केला, टाकीत कारंजं दिसतं. माहीमपर्यंत जाऊन परत आलो, दोन्ही डिस्क सारख्याच कोमट. नवे पॅड ब्रेक मारून डिस्कवर घासून बसवायचे तेवढे राहिलेत.

घाटउतार:

५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट चालवत थंड होऊ द्यायचं. या काळात पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचं नाही, गरम पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि मग तिथे दर फेरीला धक्का बसतो. पहाटे करा, सिग्नल नसलेल्या रस्त्यावर. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचं काम यानंतर, आधी नाही. न बसलेल्या पॅडवर केलेलं सेटिंग आठवड्याने चुकतं.